लॉकडाऊनमध्ये संदर्भ कुठून मिळवलेत? आज त्यातलं काय टिकलंय?

नमस्कार मंडळी, मी एमलिब (ग्रंथालयशास्त्रात मास्टर्स) करतेय, डिझर्टेशनला हाच विषय घेतलाय. २०२० च्या मार्चमध्ये लायब्रऱ्यांना कुलूप लागलं तेव्हा पीएचडीवाल्यांनी काय केलं? फॉर्म पाठवला तर सगळे 'ऑनलाइन वाचलं' वर टिक करून मोकळे होतात, मला त्यामागची धडपड हवीय.

रसायनवाला: आमच्याकडे जर्नल्स आयपीवर चालायची, म्हणजे कॅम्पसचं नेट असेल तरच पेपर उघडणार. मी अडकलो गावी, रेंज फक्त गच्चीवर. मग लायब्ररीतून इन्फेडचं (कॅम्पसबाहेरूनही जर्नल्स उघडून देणारी सेवा) लॉगिन आलं आणि घरून सगळं उघडायला लागलं, त्या दिवशी खरंच डोळ्यात पाणी आलं. ही सोय आधीपासून होती पण आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती, याचं अजून वाईट वाटतं. आता कॅम्पसवर असलो तरी लायब्ररीत क्वचितच जातो.

दूरदेशी: मी तेव्हा अमेरिकेत. हाथीट्रस्टने (तिथल्या लायब्रऱ्यांच्या स्कॅन पुस्तकांचा ऑनलाइन साठा) ३१ मार्च २०२० ला तात्पुरती सेवा काढली, आपल्या लायब्ररीत छापील प्रत असेल तरच स्कॅन उघडायचा, आणि जितक्या प्रती तितकेच वाचक, तेही तासाभरासाठी. दुसऱ्या कोणी आधी उघडलं असेल तर थांबा. तरी माझी दोन प्रकरणं त्यावरच झाली. लायब्ररी उघडल्यावर ते बंद झालं.

जुनी_मासिकं: थीसिस शोधगंगेवर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) मिळाले, पण माझं काम १९३० च्या आसपासच्या मराठी मासिकांवर, ती कुठे स्कॅन झालीयेत? आमच्या ग्रंथपाल मॅडम आठवड्यातून एकदा परवानगी काढून जायच्या, पिवळी पडलेली पानं खिडकीपाशी धरून मोबाइलवर फोटो काढायच्या आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या. कडेला त्यांचा अंगठा दिसायचा. माझ्या थीसिसच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव त्यांचंच आहे. ताई, तुमच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना ठेवा प्लीज.

ग्रंथपाल_काका: राज्यात ग्रंथालयं १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली. परत आलेलं पुस्तक आम्ही ७२ तास वेगळं ठेवायचो, खोक्यावर तारखेची चिठ्ठी, मुलं दारात उभी राहून यादी द्यायची. ती यादी व्हॉट्सअॅपवर घ्यायची सवय लागली ती आजही चालू आहे, पुस्तकं काढून ठेवतो, येऊन घेऊन जातात. पण रॅकमधून फिरताना शेजारचंच पुस्तक हाती लागायचं, ते कमी झालं, आणि मला ते फार लागतं. ताई, मुलांना हे नक्की विचारा, न शोधता शेवटचं पुस्तक कधी सापडलं?