मदत हवी आहे: १०५० टीआय काढून २० हजारांत नवीन ग्राफिक्स कार्ड घेण्यात अर्थ आहे का?

गोरेगाव_पूर्व

नमस्कार मंडळी. मशीन असं आहे: इंटेल आय५-८४००, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम (एकच स्टिक), जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, एसएसडी, आणि कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्झ.

काम दोन प्रकारचं. इंटिरिअर डिझाइनच्या कोर्ससाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स इंजिनने रेंडर (सीनचं पक्कं चित्र काढणं) आणि फावल्या वेळात गेम. रेंडर करताना मोठ्या सीनला जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) मेमरी संपल्याचा मेसेज येतो. नवे गेम लो सेटिंगवरही अडखळतात. व्हॅलोरंट हा गेम ठीक चालतो.

सगळं मिळून बजेट २० हजार. डोळ्यासमोर तीन कार्डं आहेत: आरटीएक्स ३०५० ६ जीबी, आरएक्स ६६०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी. दुकानदार शेवटच्यावर जोर देतोय, स्वस्त आहे म्हणून. की काहीच न घेता पैसे साठवून पुढे अख्खं मशीनच बदलू?

एसएमपीएस_आधी

६५०० एक्सटी यादीतून आत्ताच काढा. त्या कार्डाला पीसीआयच्या, म्हणजे बोर्डाशी डेटाची ने-आण करणाऱ्या स्लॉटच्या, चारच लेन (मार्गिका) आहेत. नव्या बोर्डावर पीसीआयच्या वेगवान ४.० आवृत्तीमुळे निभावतं. तुमचा एच३१० म्हणजे ३.०, तिथे चार लेनमधून सेकंदाला साधारण ४ जीबीच डेटा जातो. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) रॅममधून याच वाटेने आणावे लागतात आणि गेम झटके देतो. तुमची आजची तक्रारच मेमरी कमी पडते ही आहे, मग पुन्हा ४ जीबीचं कार्ड कशाला? शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवर.

बाकी दोघांतलं ठरवण्याआधी दोन गोष्टी बघून इथे टाका.

पहिली, अडतंय कोण? आफ्टरबर्नर हे मोजणी दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून स्क्रीनवर जीपीयू वापर, कार्डाची मेमरी, रॅम आणि प्रत्येक कोअरचा वापर दिसेल असं करा. व्ही-सिंक (गेमला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम) मर्यादा आधी बंद करा. नाहीतर ७५ वर गेम अडवला जातो, कार्ड निवांत दिसतं आणि निष्कर्ष साफ चुकतो. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६०-७० वर आणि एखाद-दोन कोअर शंभरीला टेकलेले असतील तर प्रोसेसर. खात्री करायला रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा: एफपीएस चांगले वाढले तर कार्डच, तिथल्या तिथेच राहिले तर प्रोसेसर, आणि मग कुठलंही कार्ड टाकून त्या गेममध्ये फरक पडणार नाही.

दुसरी, कॅबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. ‘४५०’ आकड्याकडे दुर्लक्ष करा. +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत तेवढं सांगा, आणि कार्डाला वीज देणारी ६ किंवा ८ पिनची पीसीआय वायर आहे का तेही.

रेंडर_रात्रपाळी

ब्लेंडरपुरतं बोलतो. सायकल्ससाठी एनव्हिडियाच घ्या. १०५० टीआय कुडावर (कार्डाकडून हिशेब करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली) चालतं, आरटीएक्स कार्डावर ऑप्टिक्स (एनव्हिडियाचाच दुसरा पर्याय) निवडलं की रे-ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा माग काढणारे) वेगळे कोअर कामाला लागतात. ७६८ कुडा कोअरवरून ३०५० ६ जीबीच्या २३०४ वर जाल. आरएक्स ६६०० हिपवर (एएमडीची तशीच प्रणाली) चालतं, त्यात ८ जीबी मेमरीही आहे, पण सायकल्समध्ये त्याचा गेममधला जोर दिसत नाही.

मेमरीचं मात्र कार्ड यायच्या आधीच बरंच सुटेल. ४०९६ बाय ४०९६ चा एक रंगीत टेक्स्चर मेमरीत ६४ एमबी घेतो, २०४८ चा १६. एका लाकडी मटेरियलला चार-पाच मॅप (असे टेक्स्चर), खोलीत अशी वीस मटेरियल, की ४ जीबी संपलेच म्हणून समजा. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये सिम्प्लिफाय चालू करून टेक्स्चर लिमिट २०४८ करा. सोफा-पडद्यासारख्या कॅमेऱ्याजवळच्या वस्तू सोडल्या तर फरक डोळ्याला कळत नाही.

आणि ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. ८ जीबीवालं २५६० कोअर, १२८ बिट, १३० वॅट, त्याला वेगळी पॉवर वायर लागते. ६ जीबीवालं ९६ बिट आणि ७० वॅट, ते सरळ स्लॉटवर चालतं. कोटेशनमध्ये नुसतं ‘३०५०’ चालवून घेऊ नका.

गोरेगाव_पूर्व

खूप आभार. आकडे देतो. ओपन-वर्ल्ड गेममध्ये जीपीयू ९८-९९ टक्के, एफपीएस ४१. ७२० वर ६३ झाले. रॅम ७.६ जीबी भरलेली. व्हॅलोरंटमध्ये जीपीयू ६० च्या आसपास, कोअर ९० च्या वर.

लेबलवर +१२ व्होल्टला १६ अँपिअर. पीसीआय वायर नाहीच. दुकानदार म्हणतो साटाचं (हार्ड डिस्कच्या वीजप्लगचं) कन्व्हर्टर लावून ६६०० चालेल. लावू का?

एसएमपीएस_आधी

अजिबात लावू नका. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ८ पिनची जोडणी १५० वॅटसाठी असते. भार आला की तो प्लग तापतो, प्लॅस्टिक वितळतं आणि पिना एकमेकींना चिकटतात. हे कन्व्हर्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात सहज मिळतं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

आता हिशेब. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट, एवढीच तुमच्या ‘४५०’ची कामाची ताकद. भारात प्रोसेसर ८० च्या आसपास, बोर्ड-पंखे-ड्राइव्ह मिळून ३०-४०, ६६०० चे १३२. बेरीज अडीचशेपर्यंत जाते. गेम रंगात आला की मशीन बंद पडेल किंवा रीस्टार्ट होईल, आणि असा एसएमपीएस जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. ६६०० हवंच असेल तर कार्यक्षमतेचं ब्राँझ रेटिंग असलेला, ६+२ पिनची वायर असलेला ४५० ते ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस सोबत घ्यावा लागेल, आणि मग २० हजारांत बसवणं कठीण. नुसते गेम खेळणाऱ्याला मी तरीही तेच सांगितलं असतं, कारण गेममध्ये ६६०० हे ३०५० ६ जीबीपेक्षा बरंच पुढे आहे.

तुमच्यासाठी ३०५० ६ जीबी. १०५० टीआय ७५ वॅटचं, हे ७० चं, म्हणजे एसएमपीएसवर भार वाढत नाही. उरलेल्या पैशांतून ८ जीबीची २६६६ वेगाची आणखी एक रॅम स्टिक. ७.६ भरलेली रॅम हे झटक्यांचं दुसरं कारण आहे, आणि दोन स्टिकमुळे ड्युअल चॅनलही (दोन्हींतून एकदम डेटा) मिळेल. रॅम सेकंड हँड घ्या: डीडीआर५ च्या बोर्डावर ती चालणार नाही, तिच्यात जास्त पैसे अडकवू नका. कार्ड मात्र पुढच्या मशीनमध्ये जाईल, म्हणून ‘आता कार्ड की नंतर मशीन’ असा पेच इथे नाहीच. व्हॅलोरंटमध्ये कार्डामुळे काही वाढणार नाही. तिथे प्रोसेसर अडतोय आणि ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला तो पुरेसा आहे.

थांबण्यात एक तोटाही आहे. १०५० टीआयच्या पिढीसाठी एनव्हिडियाने गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. ‘डूम: द डार्क एजेस’सारखे गेम तर रे-ट्रेसिंग हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत.

गोरेगाव_पूर्व

पटलं. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातो. सेकंड हँड ३०५० दिसलं तर घ्यावं का? काय तपासू?

खारी_हवा

शनिवार बरोबर, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला उतरा, चालत काही मिनिटांवर आहे.

सेकंड हँड कार्ड आधी हातात घेऊन बघा. आपल्याकडे समुद्राजवळच्या घरातलं कार्ड लगेच ओळखू येतं: मागच्या पट्टीवर आणि स्क्रूंवर गंज, एचडीएमआयच्या तोंडाशी हिरवट डाग, हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी भुकटी. पंख्याखाली टॉर्च मारा, तिथलं कोणी पुसत नाही. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर कार्ड उघडलेलं आहे.

मग त्यांच्याच मशीनवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर). नावाआधी ‘फेक’ लिहून आलं तर विषय संपला. शेडर (कोअर) २३०४ आणि मेमरी ६ जीबी दिसलीच पाहिजे. कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क १०-१५ मिनिटं चालवा. हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) आणि कार्डाचं तापमान यांत २०-२५ अंशांहून जास्त अंतर पडलं तर चिपची उष्णता हीटसिंकला देणारी पेस्ट वाळली आहे. शेवटी ओसीसीटी सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्ट, आणि एक जरी एरर आली तरी कार्ड परत. दुकानदार टेस्ट करू देत नसेल तर तिथे थांबू नका. वॉरंटी शिल्लक नसेल आणि नव्यापेक्षा चांगलंच स्वस्त पडत नसेल, तर मी नवंच घेईन.

रेंडर_रात्रपाळी

बसवताना एक. एनव्हिडियावरून एनव्हिडियावर जाताय, त्यामुळे डीडीयूची (जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) गरज नाही, नवा ड्रायव्हर टाकताना ‘क्लीन इन्स्टॉल’वर टिक करा. जुनं कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा, नाहीतर ती तुटते. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नाही. तरीही डिस्प्ले आला नाही तर केबल तात्पुरती बोर्डाला लावून बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) चालू आहे का बघा.

मग ब्लेंडरमध्ये प्रेफरन्सेस, सिस्टीममध्ये जाऊन कुडाऐवजी ऑप्टिक्स निवडा. ते आपोआप बदलत नाही.

खारी_हवा

आणि बिल जीएसटीचंच घ्या. त्यावर ‘आरटीएक्स ३०५० ६ जीबी’ असं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर लिहून घ्या. तो नंबर बॉक्सवरच्या आणि कार्डाच्या मागच्या स्टिकरशी काउंटरवरच जुळवा, मग पैसे द्या.