दुपारच्या जेवणाला रोजच्या पोळी-भाजीपलीकडे काय करता? मदत हवी आहे

घरून काम, जेवायला एकच माणूस, दोन मीटिंगांच्या मध्ये वीस मिनिटं आणि ताटाचा खर्च 40-50 रुपयांच्या आत. यात बसणारे पदार्थ सुचवा. पोहे-उपमा नकोत, चार वाजताच पुन्हा भूक लागते.

सध्या जमतंय ते मटकीवर. रात्रभर भिजवून, पाणी पूर्ण निथळून मगच फडक्यात बांधायची. ओल राहिली की मोड चिकट होतात आणि वास येतो. फ्रिजमध्ये तीन दिवस नीट टिकते, त्यातून एकदा उसळ, एकदा मटकीभात, एकदा कांदा-लिंबू घालून नुसती परतून. दुसरी ज्वारीची उकड: अर्धी वाटी पीठ, वाटीभर आंबट ताक, वाटीभर पाणी, हे सगळं गार असतानाच कालवायचं आणि मग लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतून ढवळत राहायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं तर गुठळ्या मोडता मोडत नाहीत.

खरी अडचण सालाच्या मूगडाळीच्या धिरड्यांची आहे. लोखंडी तव्यावर पहिली दोन चिकटतातच. दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं की सुटतात, पण गार झाली की वातड. त्याऐवजी काय घालता, रवा की बेसन? आणि वाटलेलं पीठ दुसऱ्या दिवशी आंबू नये म्हणून मीठ आयत्या वेळी घालता का?

पावसाळ्यात पालेभाजी महाग असताना चालतील असे पदार्थ असतील तर प्रमाणासकट लिहा.