१९६२ च्या चित्रपटाची एकुलती प्रिंट: ज्येष्ठ अभिनेत्रीच्या सत्कारात प्रोजेक्टरवर चालवावी का?

प्रश्न: सागरतारा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंद चित्रपटगृहाच्या माळ्यावर १९६२ च्या कृष्णधवल मराठी चित्रपटाची ३५ मिमी प्रिंट निघाली आहे. ७ पत्र्याचे डबे, १४ रिळं. दोन डबे गंजलेत, एकाला व्हिनेगरसारखा उग्र वास आहे. या चित्रपटात काम केलेल्या बाई इथेच राहतात, वय ८५ च्या पुढे. दिवाळीनंतर त्यांचा सत्कार ठरला आहे. प्रोजेक्टर फिरतो, जुने ऑपरेटरही यायला तयार आहेत. त्यांच्यासमोर, त्याच पडद्यावर, हीच प्रिंट दाखवावी असं मंडळाला वाटतं. करावं का? आणि नंतर रिळं कुठे द्यावीत?

उत्तर १: जोडपट्टी

भावना समजते, पण ही प्रिंट प्रोजेक्टरवर चढवू नका. दुसरी प्रिंट किंवा निगेटिव्ह शिल्लक आहे हे कळेपर्यंत तिला एकुलती एक समजूनच हाताळा. ‘आलम आरा’ (१९३१) ची आज एकही प्रिंट नाही. बाबूराव पेंटरांचा मूळ ‘सावकारी पाश’ही (१९२५) आपल्याला पाहायला मिळत नाही.

अडचण आकसण्याची आहे. ॲसिटेट (त्या काळातल्या प्रिंटचं प्लास्टिक) फिल्म वयाबरोबर आखडते, पण प्रोजेक्टरच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दात्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. मग दाते फिल्मच्या कडेच्या भोकांमध्ये मधोमध न बसता कडेवर बसतात आणि ओळीनं भोकं फाटत जातात. ऑपरेटर कितीही मुरलेला असला तरी आवाज बदललेला कानावर पडून मोटर बंद करेपर्यंत दोन-चार फूट फिल्म गेलेली असते. सेकंदाला दीड फूट हा तिचा वेग आहे.

आकसणं घरी मोजता येतं. सपाट टेबलावर स्वच्छ पांढरा कागद आणि त्यावर दोन मीटरची स्टीलची पट्टी. फिल्म न ताणता शेजारी ठेवा आणि १०० चौकटी (फ्रेम) मोजा. नव्या प्रिंटमध्ये १०० चौकटींची लांबी १९०० मिमी भरते. १८८१ भरली तर १ टक्का आकसली, म्हणजे बरोबर एक चौकट कमी. ०.८ टक्क्यांच्या पुढे गेलेली प्रिंट साध्या प्रोजेक्टरवर लावायची नसते. प्रत्येक रिळात सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा, कारण एकच रीळ सगळीकडे सारखं आकसत नाही.

मोजतानाच फिल्मच्या कडेचा मजकूर वाचा. इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं असेल तर ॲसिटेट. १९६२ च्या प्रिंटमध्ये तेच असायला हवं. ‘नायट्रेट’ (ॲसिटेटच्या आधीची, झटकन पेट घेणारी फिल्म) दिसलं तर डबा बंद करून सावलीत, वस्तीपासून दूर ठेवा आणि आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन करा. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानं विझत नाही.

उत्तर २: कृष्णधवल

वासाचा डबा आजच वेगळ्या खोलीत न्या. ॲसिटेट कुजताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड कुजणं आणखी वाढवतं. बंद डब्यात वाफ कोंडते आणि शेजारच्या रिळांनाही लागण होते. त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. घरच्या फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढताना पाणी सुटतं आणि इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) चिकटतं.

गंजलेले डबे बदला. हवा खेळती ठेवणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे सर्वांत चांगले. ते येईपर्यंत रीळ आम्लविरहित कागदात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या स्वच्छ खोक्यात आडवं ठेवा, उभं नको. कोकणात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, म्हणून खोली २० ते २२ अंशांवर आणि आर्द्रता ५० च्या आत. एसी रात्री बंद, दिवसा चालू असं करू नका. त्या चढउतारानं जास्त नुकसान होतं.

रीळ उलगडताना पदर एकमेकांना चिकटलेले वाटले तर तिथेच थांबा. ओढलं की इमल्शन एका पदराचं सुटून दुसऱ्यावर जातं आणि ते चित्र परत येत नाही. सेलोटेप, ओलं फडकं, पेट्रोल यांतलं काहीही लावू नका. गळून पडलेले तुकडेसुद्धा पाकिटात घालून रिळाचा क्रमांक लिहून ठेवा.

सागरतारा

मोजलं. कडेला ‘सेफ्टी’ आहे. पहिल्या रिळात १८९१, पाचव्यात १८८४. वासाच्या डब्यातलं नववं रीळ अर्ध्यावर चिकटलंय, तिथेच थांबलो.

उत्तर १: जोडपट्टी

१८९१ म्हणजे जेमतेम अर्धा टक्का, पण १८८४ म्हणजे ०.८४. प्रोजेक्टरचा विषय संपला. आता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा (१९६४ ची संस्था, २०२२ पासून एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन). पत्रात एवढं हवं: चित्रपटाचं नाव, सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्राचा फोटो (त्यावर लांबी आणि रिळांची संख्या असते, त्यामुळे काही कमी आहे का ते कळतं), रीळवार मोजमाप, वास कुठे आहे, नववं चिकटलंय हे. त्यांच्याकडे या चित्रपटाचं दुसरं काही आहे का, तेही विचारा. रिळं देताना दान की ठेव हे लेखी ठरवा आणि रीळवार पोच घ्या.

स्कॅनिंग दात्यांशिवाय, रोलरवर फिल्म ओढणाऱ्या स्कॅनरवरच करून घ्या. ४के मध्ये एका चौकटीची फाइल साधारण ५० एमबी. अडीच तासांच्या २,१६,००० चौकटी धरल्या तर सुमारे ११ टीबी. एकाच हार्ड डिस्कवर भरवसा नको, दोन एलटीओ टेप (डिजिटल फाइली दीर्घकाळ साठवायच्या चुंबकीय टेप) दोन गावांत ठेवा. स्कॅन झालं म्हणून मूळ रिळं टाकून देऊ नका.

हक्कांचंही पाहा. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६२ च्या चित्रपटाचा २०२२ अखेर संपला. पण कथा, गीतं आणि संगीत यांचे हक्क वेगळे, ते त्या-त्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात.

उत्तर ३: ध्वनिमुद्रक

सत्काराला पडदा रिकामा राहणार नाही. पांढऱ्या ॲक्रिलिकखाली एलईडी दिवा ठेवा, पहिल्या रिळातल्या बाईंच्या निवडक १०-१२ चौकटी त्यावर सपाट धरून मॅक्रो लेन्सनं टिपा आणि मोठ्या करून दाखवा. शटर १/३० किंवा त्याहून मंद ठेवा, नाहीतर दिव्याचे पट्टे उमटतात. श्रेयनामावलीच्या चौकटी न चुकता टिपा. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठीच्या राज्य शासनाच्या मानधन योजनेत कामाचे पुरावे लागतात. बाईंचा किंवा त्यांच्या काळातल्या गावातल्या कुणाचा अर्ज राहिला असेल तर तिथे त्या उपयोगी पडतील.

शाल-श्रीफळ द्याच, पण बाईंचं बोलणं शेवटी ठेवू नका. तासभर भाषणं ऐकून त्या थकलेल्या असतात. आधी त्यांना बोलू द्या. खुर्ची हातांची, आणि समोरचा दिवा डोळ्यांवर येणार नाही असा.

खरं काम सत्काराच्या आधी घरी करायचं आहे. पंखा आणि फ्रिज बंद, कॉलर माइक, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल. एका बैठकीला ४५ मिनिटं, मग दुसरा दिवस. “आठवणी सांगा” म्हटलं की वर्षानुवर्षं घोटलेले दोन-तीन किस्सेच बाहेर येतात. त्याऐवजी त्याच चौकटी क्रमांक घालून एकेक हातात द्या आणि विचारा: मागे उभा आहे तो कोण, हे अंगण सेटचं की खऱ्या घराचं, संवाद जागेवर घेतला की नंतर डब केला, लुगडं कंपनीचं की स्वतःचं. मागे उभ्या असलेल्यांची नावं श्रेयनामावलीत बहुधा नसतात, आणि ती सांगू शकणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. प्रत्येक उत्तराआधी चौकटीचा क्रमांक मोठ्यानं उच्चारा. वापराची संमती त्यांच्या सहीनं लेखी घ्या आणि रेकॉर्डिंगची एक प्रत रिळांबरोबरच पुण्याला पाठवा.