मदत हवी आहे: सेदीके दौलताबादींच्या चरित्रपटातल्या तारखा

इराणी स्त्री-चळवळीतल्या सेदीके दौलताबादी (१८८२–१९६१) यांचा मराठी चरित्रपट करतेय. खरी अडचण सनांची आहे. १९२५ पर्यंतच्या फारसी मजकुरात बहुधा चांद्र हिजरी सन येतो, त्यानंतर सौर. नुसतं '१३३७' दिसलं तर चांद्र धरून १९१९ (इस्फहानमध्ये त्यांचं 'ज़बान-ए-ज़नान' हे वृत्तपत्र निघालं ते वर्ष) आणि सौर धरून १९५८. दोन्ही त्यांच्या हयातीतच! आकड्यापुढे 'क़ाफ' हे अक्षर असेल तर चांद्र, 'शीन' असेल तर सौर. पण स्कॅनमध्ये नेमकं तेच अक्षर पुसट असतं.

सौर सनाला नवरोजपासून (इराणी नववर्षदिन, २१ मार्चच्या सुमारास) ३१ डिसेंबरपर्यंत ६२१ मिळवते, १ जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत ६२२. उदाहरणार्थ, १७ दै (हा सौर महिना) १३१४ म्हणजे ८ जानेवारी १९३६. सरसकट ६२१ मिळवले की वर्ष चुकतं. चांद्र सनाला ही बेरीज चालतच नाही, कारण ते वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान.

जाणकारांना विचारायचंय:

अक्षर पुसट असेल तेव्हा महिन्याच्या नावावरून (चांद्र मुहर्रम, सफर की सौर फरवर्दीन, दै) ठरवते. पण नुसतंच वर्ष असेल तर काय पाहावं?

'कश्फ-ए-हिजाब'ला (इराणचा राजा रझा शाह याने १९३६मध्ये बायकांना हिजाब काढायला लावणारा हुकूम काढला, त्याला) मराठीत काय म्हणावं? 'पडदामुक्ती' मला पटत नाही. रझा शाहच्या त्या हुकमानंतर पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी (डोक्यापासून अंग झाकणारं वस्त्र) ओढून काढत. त्यातली सक्ती शब्दात यायला हवी. 'बुरखाबंदी' जवळचा वाटतो, पण चादर म्हणजे बुरखा नव्हे.

आणि नाव फारसी उच्चाराने 'सेदीके' ठेवू, की आपल्याकडे रुळलेलं 'सिद्दीका'?