कोडावर एकच औषध की सगळं मिळून? कालच्या पोस्टला उत्तर

गंगावेशीतली आई

"कोडावर मलम, लाइट आणि गोळ्या एकदम चालू करणारा डॉक्टर म्हणजे बिल फुगवणारा डॉक्टर. एक औषध धरा, सहा महिने द्या, मग दुसऱ्याचं बघा." शाहूपुरीच्या दादांनी काल हे लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

दादा, आम्ही नेमकं हेच केलं होतं. लेक सहावीत असताना गणपतीत तिच्या डाव्या डोळ्याखाली तांदळाएवढा डाग दिसला. नुसतं मलम चालू केलं आणि सहा महिने वाट बघितली. तेवढ्यात तो डाग रुपयाएवढा झाला, गुडघ्यांवर दोन नवे आले आणि बोटांची पेरं पांढरी पडायला लागली. तुम्ही सांगता ते सहा महिने आमच्या घरात असे गेले.

दुसऱ्या डॉक्टरांनी दिवसातून दोन वेळा टॅक्रोलिमसचं मलम आणि आठवड्यातून दोनदा नॅरोबँडचा, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा, लाइट, असं एकत्र सांगितलं. मी भांडलेच, दोन कशाला म्हणून. त्यांनी समजावलं ते असं. कोडात आपल्याच रक्तातल्या पेशी रंग तयार करणाऱ्या पेशींवर उठतात. मलम तो हल्ला थोपवतं. पण हल्ला थांबला म्हणून रंग आपोआप परतत नाही. केसाच्या मुळाशी ज्या रंगपेशी शिल्लक असतात, त्यांना वर आणायला लाइट लागतो. शेताला कुंपण घातलं म्हणजे पेरणी झाली का?

चौथ्या महिन्यात खिडकीपाशी तिची वेणी घालत होते, तेव्हा गुडघ्यावरच्या डागात ठिपके दिसले. मोहरीएवढे, तपकिरी, आणि प्रत्येकाच्या मधोमध एकेक बारीक लव. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

आणि पुरावाच हवा असेल तर ब्रिटनमधला हाय-लाइट नावाचा अभ्यास बघा. २०२१ मध्ये छापून आला. ५१७ माणसं, लहान मुलंसुद्धा. काहींना नुसतं स्टेरॉइडचं मलम, काहींना नुसता घरी वापरायचा लाइट, काहींना दोन्ही. नऊ महिन्यांनी डाग बराच कमी झाल्याचं सांगणारे नुसत्या मलमावर १७ टक्के, नुसत्या लाइटवर २२ आणि दोन्हींवर २७.

शाहूपुरी

ज्याच्यावर लिहिलंत तो मीच. ताई, लेकीला गुण येतोय हे वाचून बरं वाटलं, पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. शंभरातल्या २७ ला गुण आला म्हणजे ७३ लोकांना तेवढा आला नाही. आणि त्याच अभ्यासात उपचार बंद केल्यावर आलेला फरक टिकला नाही, हेही लिहिलंय. ते का गाळलंत?

माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. पहिल्याच दिवशी चार गोष्टी लिहून दिल्या: शनिवार-रविवार स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज मलम, तीनदा लाइट, वर व्हिटॅमिनं. तीन महिन्यांत चेहरा सुजून असा गोल झाला की लग्नाच्या फोटोत आईनं त्याला ओळखलं नाही. मग रक्त तपासलं तर साखर वाढलेली. विचारायला गेलो तर म्हणाले, "कशाकशाने होतं असं." चार गोष्टी चालू असल्या की जबाबदारी कुणाचीच नसते. माझा राग त्यावर आहे. आधी रक्त तपासलं असतं, एकेक वाढवलं असतं, तर हे झालं नसतं.

गंगावेशीतली आई

टिकला नाही हे खरं, मी लिहायला हवं होतं. पण ७३ चं म्हणाल तर नुसत्या मलमावर ८३ जणांना तेवढा आला नाही. तुम्ही लोकांना त्या ८३ मध्ये जाऊन बसायला सांगताय.

लाइटच्या खोलीतली सिस्टर

मी अकरा वर्षं नॅरोबँडच्या मशीनपाशी उभी आहे, म्हणून बोलते. शाहूपुरीचे दादा, तुमच्या भावाचं वाईट झालं, पण दोष एकत्र उपचारांचा नाही, न तपासता गोळ्या देण्याचा आहे. शनिवार-रविवारच्या गोळ्या म्हणजे मिनी पल्स. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये ती पद्धत मांडली, आणि ती झपाट्याने पसरणारं कोड थांबवायला आहे. साखर, बीपी, वजन बघूनच द्यायची असते. कोड थांबलेलं असेल तर तिची गरजच काय?

दुसरं, लोक दहा बैठकांत कंटाळतात. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो हिशेब निघाला, त्यात नुसत्या नॅरोबँडवर तीन चतुर्थांश रंग परत आलेले सहा महिन्यांत १९ टक्के होते, वर्षभरात ३६. म्हणजे सहा महिन्यांत सोडलं तर निम्मं यश मशीनमध्येच ठेवून घरी गेलात. चेहरा, मान लवकर भरते. बोटांची टोकं आणि पावलं फार हट्टी. डागातले केसच पांढरे झाले असतील तर मुळाशी रंगपेशीच उरलेल्या नसतात, तिथे लाइट काय करणार? तिथे वर्षभर डाग जागचा हलला नाही असं बघून मग कातडी किंवा पेशींचं रोपण करतात.

आणि पावलांवर डाग असलेल्यांनी आधी चपला बघा. पट्ट्याच्या आकाराचेच पांढरे डाग घेऊन कितीतरी बायका येतात.

कागलकर

लाइट लाइट काय करताय? पुवा उपचारात लाइटच्या आधी देतात ते सोरालेन म्हणजे आपल्या बावचीतलंच द्रव्य. बावची लावून उन्हात बसणं हाच आपला जुना एकत्र उपचार, तोही बिनपैशाचा.

रंकाळ्याकडची

बावचीचं तेल लावून माझी आत्या मे महिन्यात साडेअकराला गच्चीवर बसली. संध्याकाळी पोटऱ्यांवर पाण्याचे फोड, बाहुलीच्या डोक्याएवढे. ते फुटले तिथं नवीन कोड उठलं. औषध तेच असेल हो, पण मशीनला माप असतं, उन्हाला कोण माप लावणार?

आणि सिस्टर, चपलेचं अगदी बरोबर. आमच्या ओळखीत एकीला कोल्हापुरी घालूनच पावलावर कोड आलं. कोड असलेल्यांनी कोल्हापुरी बंदच करावी.

चप्पल लाईन

थांबा ताई. काय बोलताय ते जरा बघून बोला. माझी तिसरी पिढी ह्या कामात हाय. अस्सल कोल्हापुरी म्हंजे बाभळीची साल आन् हिरड्यात पकवलेलं चामडं, चामड्याच्याच वादीनं शिवलेली. रबर न्हाई, सोल्युशन न्हाई. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आन् कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांस्नी, उगंच न्हाई मिळालं. तुमच्या ओळखीतल्या बाईनं रस्त्यावरची रबरी सोलाची, डिंकानं चिकटवलेली नक्कल घातली आसंल आन् नाव आमचं खराब. आधीच धंदा बसलाय.

लाइटच्या खोलीतली सिस्टर

मामा, चामड्याला मी नाव ठेवलं नव्हतं. रबरात आणि चिकट सोल्युशनमध्ये काही रसायनं असतात, ती रंगपेशींना थेट मारतात. रबरी स्लीपरचं तेच. ह्यात तुमचं बरोबर आहे.

पण एक गोष्ट तुम्हालाही मान्य करावी लागेल. नवी कोल्हापुरी चावते. अंगठ्यापाशी आणि चपलेच्या कानाखाली सोलवटतं. ज्याला कोड आहे त्याच्या अंगावर जिथे घासतं, खरचटतं, तिथे नवा डाग उठू शकतो. परकराच्या नाडीखाली कमरेवर येतो, चष्म्याच्या काडीखाली येतो, तसाच पावलावर येतो. एकीकडे लाइट घ्यायचा आणि दुसरीकडे रोज त्याच जागी घासून घ्यायचं, मग कुठलाही उपचार कसा पुरा पडणार?

चप्पल लाईन

चावती, ते खरं हाय. म्हणून तर आम्ही सांगतो, आठ दिस तेल मुरवा, घरात घाला, मग भाईर. कुणी ऐकत न्हाई, दुकानातनं घालूनच जात्यात.

आता सिस्टर बोलल्याच हायत तर सांगतो, घरातलं हाय म्हणून सांगत न्हवतो. माझ्या बायकोच्या कपाळाला बरोब्बर टिकलीएवढा पांढरा गोल पडला. तीन वर्सं ती वर मोठी टिकली लावून झाकत हुती. झाकायलाबी तीच टिकली! शेवटी डॉक्टर म्हणालं, टिकलीच्या मागच्या गोंदाचा परिणाम हाय. टिकली बंद, एकच मलम. आता ती ओलं कुंकू लावती. सहा म्हैन्यात गोल निम्मा भरला.

शाहूपुरी

बघा. एकच मलम. मी काल हेच म्हणत होतो.

गंगावेशीतली आई

दादा, एकच मलम नाही, टिकली बंद आणि मलम! कारण हाती लागलं, ते काढलं, मग एका मलमावर भागलं. माझ्या लेकीच्या डोळ्याखाली कुठली टिकली होती? तिचं कारण तिच्या रक्तात आहे, ते काढून फेकता येत नाही. चार वाक्यं वाचून सगळ्यांना एकच तराजू लावू नका.

आणि मामा, वहिनींना सांगा, झाकणं सोडलं ते बरं केलं. माझ्या सासूबाईंनी लेकीला हळदी-कुंकवाला न्यायचं बंद केलं होतं, तिचं लागेल म्हणून. कोड लागत नाही, हे अजून घराघरांत सांगावं लागतं.

रंकाळ्याकडची

चपलेचं मी ऐकीव बोलले. मामा, राग धरू नका. पण त्या "२१ दिवसांत कोड गायब" वाल्या भिंतींवरच्या जाहिरातींचं काय? स्टँडबाहेर अजून आहेत.

लाइटच्या खोलीतली सिस्टर

ज्या आजारांच्या इलाजाची जाहिरातच करायला मनाई आहे, त्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत कोडाचं नाव आहे. फोटो काढा आणि औषध प्रशासनाकडे तक्रार करा. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडावर रुक्सोलिटिनिब नावाच्या औषधाच्या मलमाला परवानगी मिळाली, १२ वर्षांवरच्यांसाठी, तेसुद्धा महिनोन् महिने लावावं लागतं. २१ दिवसांत काहीच होत नाही.

शाहूपुरी

ठीक आहे. "बिल फुगवणारा" हा शब्द सगळ्यांना लावायला नको होता, तेवढा मागे घेतो. पण पहिल्याच दिवशी चार गोष्टी आणि तपासणी शून्य, ह्याला माझा विरोध कायम आहे. गोळ्या बंद झाल्यावर भावानं सगळंच सोडलं. आता दोन वर्षं झाली, मानेवरचा डाग तेवढाच आहे, वाढला नाही. कुणाचं ऐकत नाही.

लाइटच्या खोलीतली सिस्टर

मानेवर आहे आणि दोन वर्षं वाढला नाही? मग गोळ्यांचा प्रश्नच कुठे येतो! नुसतं मलम आणि लाइट असंही भागू शकेल. डागातले केस काळे आहेत की पांढरे, तेवढं बॅटरी मारून बघा. थायरॉइड आणि साखरेची चाचणी करून कागद घेऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पहिल्या भेटीतच सांगा की गोळ्या नकोत, आणि का नकोत तेही सांगा.

शाहूपुरी

केस काळे आहेत. मघाशीच बघितले. तो चिडला, पण बघू दिले.

गंगावेशीतली आई

आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर साडेपाचला जातो. लेक आत असते तेव्हा बाहेर बाकावर मी एकटीच असते. भावाला यायला लाज वाटत असेल तर त्या वेळेला गर्दी नसते, एवढं त्याला सांगा.