बाबांच्या मोबाईलची रेंज अचानक गेली, सिम स्वॅप (आपल्या नंबरचं सिम दुसऱ्यानेच काढून घेणं) असेल का?

नाशिककर: दुपारपासून बाबांच्या फोनला रेंजच नाही, घरात बाकीच्यांना फुल आहे. दोन दिवस "केवायसी संपलंय, ओटीपी सांगा" असे कॉल येत होते आणि एकदा सांगितला पण म्हणे त्यांनी. काय करू? हात थरथरतायत टाइप करताना.

मीनलताई: आधी बँकेला फोन करून खातं फ्रीज करा, मग लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) कळवा, जितकं लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडवता येतात. नंतर मोबाईल कंपनीच्या गॅलरीत आधार घेऊन जा, डुप्लिकेट सिम निघालंय का विचारा.

जुनालाइनमन: सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघा बाबांच्या नावावर किती नंबर आहेत, माझ्या आईच्या नावावर ३ निघाले, त्यातला तिचा एकच!

नाशिककर: खातं फ्रीज झालं, ८ हजार गेलेत, तक्रार नोंदवली. बाबा जेवले नाहीयेत, नुसते फोन हातात धरून बसलेत.

मीनलताई: त्यांना रागावू नका हो, चांगले शिकलेले लोक पण फसतायत यात. जवळ बसा जरा.