एडवर्ड मरो यांच्या कामात शेती कुठे दिसते: कुटुंबाच्या ग्रुपवरची चर्चा

मोठे काका: शेतकऱ्याच्या घरात वाढलेला मुलगा बातमीदार झाला तर त्याच्या कामात ती शेती कुठे दिसते का, असे ताईने परवा विचारले होते. मला लगेच आठवले ते अमेरिकेचे रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरचे बातमीदार एडवर्ड मरो. नॉर्थ कॅरोलिनातल्या पोलकॅट क्रीक या ओढ्याच्या परिसरात 25 एप्रिल 1908 रोजी त्यांचा जन्म झाला. घर लाकडी ओंडक्यांचे, त्यात वीज नाही की नळ नाही. शेती मक्याची आणि गवताची, आणि वर्षाकाठी हाती येणारी मिळकत काहीशे डॉलरच्या घरातली. पुढे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेले आणि वडील लाकूड वाहून नेणाऱ्या रेल्वेवर इंजिन चालवू लागले. माझे म्हणणे इतकेच आहे की, हातांनी काम करणाऱ्या माणसाकडे पाहण्याची मरो यांची नजर शेवटपर्यंत त्या ओढ्याकाठचीच राहिली.

आत्या: दादा, आधी एक विनंती. प्रत्येक वाक्यात ‘मरो’ वाचून मी दचकते आहे, तेव्हा आपण त्यांना एडवर्डच म्हणू या. तसेही ते नाव त्यांनी स्वतः घेतलेले आहे; पाळण्यातले नाव एग्बर्ट होते. आता मुद्द्याचे बोलते. साधारण सहाव्या वर्षी ज्याचे शेत सुटले, त्याला शेतकरी कितपत म्हणायचे? लाकूडतोडीच्या छावण्यांत त्यांनी घाम गाळला हे मान्य, पण 1930 साली पदवी घेतली ती वक्तृत्व विषयात. लंडनमध्ये तर ते उंची शिलाईच्या सुटांसाठी ओळखले जात. लोक त्यांच्या ज्या आवाजाचे कौतुक करतात तो घडवला त्यांच्या शिक्षिकेने, आयडा लू अँडरसन यांनी. पोलिओने शरीर अधू झालेल्या या बाईंनीच पुढे रेडिओवर त्यांना ऐकून सुचवले की, लंडनहून बातम्या देताना सुरुवातीचे ‘दिस इज लंडन’ म्हणताना पहिल्या शब्दानंतर किंचित थांबावे. त्या थांबण्यानेच ते वाक्य लोकांच्या कायमचे लक्षात राहिले.

ताई: आत्या, म्हणजे ते सुरुवातीपासून बातमीदार नव्हतेच का?

आत्या: नव्हते. 1935 साली ते सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीत रुजू झाले ते भाषणांचे आणि शैक्षणिक कार्यक्रमांचे संयोजक म्हणून, आणि 1937 साली लंडनला गेले तेही वक्ते जमवण्यासाठीच. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा अख्खे विमान भाड्याने घेऊन हे गृहस्थ एकटे व्हिएन्नाला पोहोचले. 13 मार्चच्या रात्री ते व्हिएन्नाहून आणि त्यांचे सहकारी विल्यम शायरर लंडनहून बोलले, शिवाय इतर राजधान्यांतूनही वार्ताहर एकाच कार्यक्रमात थेट जोडले गेले. आज आपण ज्याला बातमीपत्र म्हणतो त्याचा साचा त्या रात्री तयार झाला. यात मला तरी शेती दिसत नाही.

मोठी काकू: वन्सं, मला ती दिसते, पण ह्यांना दिसते तिथे नाही. 24 ऑगस्ट 1940 च्या रात्रीचा प्रसंग घ्या. युद्ध चालू असताना लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या सेंट मार्टिन चर्चच्या पायऱ्यांपाशी एडवर्ड थेट प्रक्षेपण करत होते आणि हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. दुसऱ्या कोणी त्या क्षणी आवाज चढवला असता. त्यांनी मायक्रोफोन खाली फरसबंदीपर्यंत नेला आणि आसऱ्याकडे निघालेल्या लोकांच्या पावलांचा आवाज ऐकवला. लोक धावत नव्हते, चालत होते, आणि समुद्रापलीकडच्या श्रोत्यांना हे कोणी समजावून सांगण्याआधीच कानांनी कळले. आपण गप्प राहून भोवतालचे ऐकायचे, ही सवय वक्तृत्वाच्या वर्गात लागत नाही, असे मला वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

मोठे काका: पुरावा मी देतो. दूरचित्रवाणीवरच्या त्यांच्या कामापैकी लोकांना 9 मार्च 1954 चा, दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवणाऱ्या सिनेटर मॅकार्थींवरचा ‘सी इट नाऊ’ कार्यक्रम आठवतो, आणि ते योग्यही आहे, कारण त्यात मॅकार्थींना त्यांच्याच चित्रफितींतून उघडे पाडले होते. पण मला मोठा वाटतो तो 25 नोव्हेंबर 1960 चा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट. सुगीच्या कृतज्ञतेचा थँक्सगिव्हिंगचा सण साजरा करून, भरपेट जेवून लोक बसलेले असताना दुसऱ्याच दिवशी एडवर्ड यांनी त्यांना ते अन्न खुडणारे फिरते शेतमजूर दाखवले. फ्लोरिडात पहाटे मजुरांचा बाजार भरतो, मुकादम दर ओरडतात आणि माणसे ट्रकमध्ये चढतात, हे त्यात दिसते. पूर्वी गुलाम आमच्या मालकीचे होते, आता आम्ही ते भाड्याने घेतो, हे एका शेतमालकाचे बोलही त्यात आहेत. प्रत्यक्ष रानोमाळ फिरून चित्रीकरण केले ते डेव्हिड लोव यांनी, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण लहानपणी शेतात राबणारे हात पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ते निवेदन ऐकताना फरक जाणवतो.

ताई: काका, पण मी आता वाचले की, पुढच्याच वर्षी एडवर्ड केनेडी सरकारच्या माहिती संस्थेचे प्रमुख झाले आणि हाच कार्यक्रम दाखवू नये अशी विनंती त्यांनी बीबीसीला केली. हे खरे आहे का?

मोठे काका: खरे आहे. बीबीसीने ती मानली नाही आणि कार्यक्रम दाखवला.

मोठी काकू: हे तुम्ही आधीच सांगायला हवे होते. देशाची प्रतिमा सांभाळण्याची नोकरी पत्करली की असे होणारच, असे कोणी म्हणेल. पण ज्या मजुरांची बाजू त्यांनी स्वतः मांडली होती, त्यांच्याकडे पाठ फिरवायला त्यांना एक वर्षही लागले नाही. मला ते कमीपणाचे वाटते.

मोठे काका: मलाही वाटते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. सीबीएसमध्ये त्यांची शेवटी कोंडीच झाली होती. 1958 मध्ये शिकागोला बातमीदारांच्या सभेत त्यांनी दूरचित्रवाणीच्या करमणूकवेडावर इतके कडक भाषण केले की मालकांशी संबंध पूर्वीसारखे उरले नाहीत. तरीही बीबीसीला ती विनंती त्यांनी करायला नको होती. बाकी सिगारेटने त्यांचा घात केला. 1955 मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर त्यांनी स्वतःच दोन कार्यक्रम केले होते, पण व्यसन सुटले नाही. 27 एप्रिल 1965 रोजी, सत्तावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या पॉलिंग येथील स्वतःच्या शेतावर ते गेले. शेवटी माणूस शेतावरच परतला, एवढे तरी मान्य कर.

आत्या: अर्धे मान्य करते, दादा. ते शेत त्यांनी सीबीएसच्या पगारावर घेतले होते.